गावंडे मास्तर आणि जिनातला कर्णा

गावंडे मास्तरांचा डावा हात अधू आहे, अशी माझी सुरुवातीला समजूत झाली होती. कारंज्याच्या शाळेत मी मराठी शिकवायला नुकताच लागलो होतो आणि ते विज्ञान शिकवत. फळ्यावर लिहिताना, प्रार्थनेला उभे असताना, बाजारात वांगी निवडताना, कधीही पाहावं तर त्यांचा डावा हात कोटाच्या खिशात. पुढे त्यांच्या शेजारचीच खोली मला भाड्याने मिळाली आणि एका सकाळी मी त्यांना दोन्ही हातांनी पाण्याचा हंडा उचलताना पाहिलं. हात चांगला धडधाकट होता. खिशात असायचा तो मुद्दाम.

दुसरीही एक सवय होती. कुठल्याही दाराची कडी, सायकलचा दांडा, पितळी मूठ काही धरायचं झालं की ते आधी बोटांची मागची बाजू त्याला अलगद लावत, क्षणभर थांबत, आणि मगच धरत. तापलेल्या पोराच्या कपाळालासुद्धा हात तसाच उलटा लावायचे. हेडमास्तरांच्या दाराशी त्यांनी हे केलेलं पाहून मी एकदा विचारलंच.

त्यांनी इकडेतिकडे पाहिलं आणि खालच्या आवाजात सांगितलं, "तळव्यानं धरलं आन् त्यात करंट असला, तं मूठ आपोआप आवळते. मंग सोडतो म्हटलं तरी सुटत नाही. उलट्या हातानं लागला तं हात झटकला जाते."

"आणि डावा हात?"

"दोन्ही हात लागले का करंटची वाट छातीतून जाते. म्हणून एकच हात द्यायचा."

"पण मास्तर, आपल्या शाळेत वीजच नाही."

"आज नाही," ते म्हणाले आणि दार उघडून आत गेले.

पोरं त्यांना पाठीमागे करंट मास्तर म्हणायची. भीती म्हणजे काय, हे मी त्यांच्या शेजारी राहून जवळून पाहिलं. कुत्रं दिसलं की ते रस्ता बदलत. विहिरीच्या काठावर कोणी बसलेलं त्यांना बघवत नसे. कचेरीचा चपराशी शाळेच्या फाटकात दिसला तर त्यांच्या हातातला खडू मोडायचा. उलट त्यांच्या पत्नी, यमुनावहिनी, चिमट्याने विंचू उचलून अंगणाबाहेर टाकायच्या आणि तेच हात धुऊन भाकरी थापायला बसायच्या. वहिनींचा आवाज फार चांगला होता. भरलेला, खालच्या पट्टीतला. दर गुरुवारी त्या भजन म्हणायच्या, तेव्हा आमच्या गल्लीतून जाणारी माणसं पावलं हळू टाकायची.

एवढ्या भित्र्या माणसाला रेडिओ जुळवण्याचा नाद होता; तो कसा, हे कोडं मला तलावाच्या पाळीवरून फिरून येताना उलगडलं. मास्तर अकोल्याला शिकत असताना त्यांच्या खोलीत बाबाराव नावाचा सोबती होता. मास्तरांनी जुन्या सामानातून एक रेडिओ जुळवला होता. एक दिवस बाबाराव आंघोळ करून ओल्या अंगाने आला आणि गाणं लावायला म्हणून त्याने बटनाला हात घातला.

"मी त्याले ओढाले गेलो तं मलेच भिंतीवर फेकलं," मास्तर म्हणाले. "उठेपावतर तो गेला होता." मग म्हणाले, "त्या बटनाची टोपी मीच काढून ठेवली होती. साफ कराले. उघडी दांडी होती लोखंडाची."

"मग तुम्ही हे सोडून का नाही दिलं?"

"काहून सोडू? ज्याले भेव लागत नाही त्याच्या हाती हे गेलं तं?" त्यांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की मी दुसरीकडे पाहू लागलो. "भेव हे इंद्रिय आहे जी. नाक आहे, कान आहेत, तसंच. माह्या अंगात ते तेवढ्या दिवशी झोपलं होतं."

लढाईचे दिवस होते. गावात कापसातली सरकी काढायचा जिन चालवणाऱ्या शेठनी मुलींच्या शाळेला एक मोठी खोली बांधून दिली आणि तिच्या समारंभाला अकोल्याहून साहेब यायचे ठरले. समारंभ जिनाच्या आवारात, कारण गावात तेवढी मोकळी जागा दुसरी नव्हती. शेठचे दिवाणजी एका संध्याकाळी मास्तरांकडे आले. त्यांची दोन कामं होती. एक, मास्तरांनी सभेसाठी कर्णा तयार करून द्यावा. आणि दुसरं, समारंभाच्या सुरुवातीला वहिनींनी त्या कर्ण्यावरून प्रार्थना म्हणावी.

मास्तर कोणालाच नाही म्हणू शकत नसत. ते हो म्हणाले. दिवाणजी गेल्यावर ओसरीवर तसेच बसून राहिले. वहिनींनी दिवा आणून ठेवला तेव्हा त्यांचं तोंड मला दिसलं. पिठासारखं झालं होतं.

अडचण काय होती, हे मला त्यांनी तेव्हापासून इतक्या वेळा सांगितलं की मलाही झोपेत दिसू लागली. आमच्या बाजूला विजेच्या तारा अजून आल्या नव्हत्या. जिनात इंजिनावर चालणारा डायनामो होता, एकशेदहा व्होल्टचा, आणि त्याचा करंट एकाच दिशेने वाहणारा. असल्या करंटवर ट्रान्सफॉर्मर चालत नाही. म्हणजे व्हॉल्व्हला, आवाज वाढवणाऱ्या त्या काचेच्या नळ्यांना, हवा तेवढाच थोडा करंट वेगळा काढून देता येत नाही. कोरड्या बॅटऱ्या लढाईत गेलेल्या. मग एकच उपाय राहिला. कर्ण्याला जोर देणारे जेवढे व्हॉल्व्ह, त्यांच्या पोटातल्या तापणाऱ्या तारा, म्हणजे हीटर, झेंडूच्या माळेसारखे एकामागे एक ओवायचे आणि सगळ्या माळेवर एकशेदहा व्होल्ट सोडायचे. सगळ्यांनी सारखाच करंट प्यायला पाहिजे. एकाची तार तुटली की सगळे विझले.

व्हॉल्व्ह आणायला आम्ही दोघे अकोल्याला गेलो. एका रेडिओच्या दुकानात, मागच्या बाजूला, मेलेल्या सेटांतून काढलेल्या व्हॉल्व्हची टोपली होती. दुकानदाराने एक भलामोठा, आतून आरशासारखा चमकणारा व्हॉल्व्ह पुढे केला.

"हा न्या मास्तर. अख्ख्या कारंज्यात आवाज जाईल."

"हीटर किती खाते?"

"आवाज पाहा न जी. हीटरचं काय घेऊन बसले?"

"आवाज मंग पाहू. आंधी याची भूक सांगा."

तो व्हॉल्व्ह त्यांनी परत टोपलीत ठेवला. दुकानदार हसला, पण मास्तरांच्या डोक्यात वेगळंच होतं. हीटरची बेरीज एकशेदहाला कमी पडली तर उरलेले व्होल्ट एका तारेच्या गुंडाळीत जाळावे लागतात, आणि ती गुंडाळी शेगडीसारखी लाल होते. जिनात हंगाम संपला तरी सरकीचा धुरळा आणि कापसाचा बारीक तंतू छपरापासून जमिनीपर्यंत सगळीकडे चिकटलेला असतो. तिथे ती शेगडी ठेवायची कल्पनाच त्यांना सहन होत नव्हती. त्यांनी टोपली उपसून पंचवीस व्होल्ट खाणारे चार व्हॉल्व्ह काढले, लहान, ओबडधोबड, काचेवर काळपट डाग पडलेले. त्यांना जोडीला सहा-सहा व्होल्टचे दोन.

"चार पंचे शंभर... नाही, चार पंचविसा शंभर. आन् हे बारा." त्यांचे ओठ हलत होते. "वर काहीच उरत नाही. जळाले काहीच नाही." त्या दिवसातला तेवढाच एक क्षण ते सुखी दिसले.

परत येताना मोटारीत त्यांनी सहाही व्हॉल्व्ह धोतराच्या घोळात गुंडाळून मांडीवर धरले होते. खड्डा आला की ते डोळे मिटून घ्यायचे.

पण व्हॉल्व्हने अर्धीच भीती गेली. डायनामोची एक तार इंजिनघरात जमिनीला बांधलेली होती, आणि आमचं यंत्र बसणार होतं दुसऱ्या, करंटच्या तारेवर. त्याला इलाज नव्हता. म्हणजे यंत्राचा पत्रा कायम जिवंत, हात लागला की करंट. मास्तरांनी तो पत्रा सागवानी पेटीत कोंडला. जिथे स्क्रूचं डोकं दिसत होतं तिथे लाख भरली. बटनं लाकडाची केली. माईकची तार यंत्राला सरळ न जोडता मध्ये दोन गुंडाळ्या ठेवल्या, एकमेकींपासून तेलकट रेशमाने वेगळ्या केलेल्या, म्हणजे आवाज जाईल पण करंट ओलांडणार नाही. ते डाख देत बसले की त्यांच्या श्वासाचा आवाज माझ्या खोलीत यायचा.

पहिल्यांदा यंत्र लावून पाहायला आम्ही जिनात गेलो. इंजिन करीम मिस्त्रींच्या ताब्यात होतं. मास्तरांनी त्यांना हात जोडले. "मिस्त्री, गती वाढू देऊ नका. गती वाढली का व्होल्ट वाढते आन् माझी माळ जळते."

"अरे मास्टर, मेरा इंजन बकरी है," मिस्त्री म्हणाले. "नाही उधळत. तुमी बिनघोर राहा."

मास्तरांनी उजव्या हाताने बटन फिरवलं. बराच वेळ काही झालं नाही. मग सहाही काचांच्या तळाशी निखारा फुंकल्यासारखा रंग आला. तेवढ्यात मिस्त्रींनी कुठलासा पट्टा उतरवला असावा. इंजिनाचा सूर चढला आणि तो रंग नारिंगीचा पिवळा झाला. मास्तरांच्या तोंडून एक बारीक आवाज निघाला. मीही मागे सरलो. मग इंजिन पुन्हा ठिकाणावर आलं आणि रंग उतरला.

"बोला मास्तर," मिस्त्री दारातून ओरडले.

मास्तर माईकपासून हातभर दूर उभे राहिले. "नमस्कार," ते म्हणाले. आवाराच्या त्या टोकाला टांगलेल्या कर्ण्यातून त्यांचा थरथरता आवाज दसपट होऊन आला. सरकीची पोती उचलणाऱ्या बाया हसायला लागल्या. मला मात्र हसू आलं नाही. भीती एवढ्या मोठ्याने बोलते हे मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं.

समारंभाच्या आदल्या संध्याकाळी भिंतीपलीकडून दोघांचं बोलणं ऐकू येत होतं.

"तुमी भेता म्हणून मी गाऊ नको काय?"

"गा ना. फक्त माह्ये बूट घाल."

"बूट घालून प्रार्थना म्हणू? लोक काय म्हणतील?"

"मंग पाटावर उभी राह्य. आन् त्या दांडीले हात लावू नको. लावशील नाही ना?"

"नाही लावत बाप्पा. जेवा आता."

दुसऱ्या दिवशी सकाळी मास्तरांनी मांडवात स्वतः जागा केली. जमीन कोरडी होती. त्यावर रबराचा तुकडा, त्यावर पाट, पाटापुढे माईक. एक लोखंडी खुंटी जमिनीत ठोकून तिच्यात आणि माईकच्या दांडीत त्यांनी लहान दिवा जोडून पाहिला. दिवा लागला नाही. करंट येत नव्हता. दुपारी लोक जमायला लागले तसे ते मिस्त्रींना पुन्हा एकदा गतीचं सांगायला इंजिनघराकडे गेले.

तेवढ्यात दिवाणजी आले. साहेबांच्या गाडीने धुरळा उडायला नको म्हणून त्यांनी मांडवभर पाणी शिंपडवलं. पाट आणि रबर बरं दिसत नाही म्हणून काढवलं आणि ओल्या जमिनीवर सतरंजी अंथरवली. टेबल साहेबांच्या खुर्चीजवळ सरकवलं. त्याचा एक पाय माईकच्या तारेवर बसला. मी पोरांना ओळीत बसवत होतो. मला हे सगळं दिसत होतं, पण त्याचा अर्थ कळला नाही.

मास्तर परत आले तेव्हा साहेब येऊन बसले होते. वहिनी सतरंजीच्या कडेला पाठमोऱ्या बसून पेटीवाल्याला सूर सांगत होत्या. मास्तरांनी आधी जमीन पाहिली, मग टेबलाचा पाय. ते वाकले, टेबल उचलून तार सोडवली, खुंटी चाचपली आणि तो लहान दिवा पुन्हा जोडला. मांडवाच्या फटीतून ऊन नेमकं तिथेच पडत होतं. त्यांनी दिव्यावर ओंजळ धरली आणि तिच्यात पाहिलं. मग उठून यंत्राची पिन उपटली.

दिवाणजी लगबगीने आले. "काय झालं?"

"माईक होणार नाही."

"म्हणजे?"

"करंट येऊन राह्यला. जमीन ओली झाली."

दिवाणजींनी खुंटीकडे हात केला. "दिवा तर मघा काही लागलेला दिसला नाही. सकाळी तुमी बोलले ना त्याच्यावर? तवा काही झालं नाही."

"सकाळी कोरडं होतं."

"एक प्रार्थना आहे मास्तर, दोन मिनिटांची. मग साहेबांचं भाषण. शेठ इकडे पाहून राह्यले." दिवाणजींनी पिन उचलली. "तुमचं हे भेव सगळ्या गावाले माहीत आहे. बसा तुमी."

मास्तरांनी पायातले रबरी तळाचे कॅनव्हासचे बूट काढले. सतरंजी बाजूला सारली आणि ओल्या मातीवर अनवाणी उभे राहिले. मग दोन्ही हातांनी त्यांनी माईकची दांडी धरली.

"लावा," ते म्हणाले. "मी धरून उभा आहो."

दिवाणजींचा हात पिन घेऊन तसाच राहिला.

"लावा ना जी. करंट नाही म्हणता, तं लावा."

त्यांच्या धोतराच्या निऱ्या थरथरत होत्या. ओठ पांढरे पडले होते. मी चार हातांच्या अंतरावर उभा होतो. आपण ओरडलो आणि दचकून दिवाणजींचा हात पुढे गेला तर, एवढंच डोक्यात फिरत होतं. पेटीचा सूर थांबला. वहिनींनी वळून पाहिलं आणि त्या जागच्या जागी उभ्या राहिल्या. त्यांच्या चेहऱ्यावर भीती मी तेवढी एकदाच पाहिली.

शेठ खुर्चीतून म्हणाले, "दिवाणजी, ठेवा ते खाली."

पिन खाली ठेवली गेली, पण मास्तरांना दांडी सोडता येईना. वहिनी जवळ आल्या आणि त्यांची बोटं एकेक करून त्यांनी उकलली. मास्तरांना माझ्या हवाली केलं, पदर सारखा केला आणि तिथेच उभं राहून प्रार्थना म्हणायला सुरुवात केली. माईक नाही, काही नाही. मागच्या बायांना ऐकू येईना, तेव्हा त्या उठून पुढे सरकत आल्या आणि खुर्च्यांच्या मागे दाटीने उभ्या राहिल्या. नंतर साहेबांचं भाषण कोणालाच ऐकू आलं नाही. त्यांनीही ते लवकर आटोपलं.

मास्तर तापाने पडले. बाजारात दिवाणजींनी गोष्ट आपल्या परीने सांगितली आणि लोक हसले. ते मास्तरांना फारसं लागलं नसावं. त्यांना वेगळंच लागलं होतं. अंगात जरा शक्ती आल्यावर ते मिस्त्रींकडे जाऊन यंत्र पुन्हा लावून आले. जमीन वाळली होती. दिवा लागला नाही. तारेवरचं कापड टेबलाच्या पायाने चेपलं होतं, पण आतलं रबर शाबूत दिसत होतं.

त्या संध्याकाळी ओसरीवर त्यांनी मला विचारलं, "दिवा लागला होता ना जी? तुमी जवळ होते. पाह्यला ना?"

मी खरं ते सांगितलं. ऊन होतं, मला दिसलं नाही.

त्यांची मान खाली गेली. "म्हणजे मलेच दिसला. म्हणजे नसंनच लागला."

वहिनी दारात गवार मोडत बसल्या होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "मी पाह्यला. लाल तार होती आतमंधी."

"तुले दिसला?"

"दिसला म्हणून तं म्हणून राह्यली."

मास्तरांनी लांब श्वास घेतला आणि चहा मागितला. मी वहिनींकडे पाहिलं. त्या वेळी त्या पाठमोऱ्या बसल्या होत्या हे मला पक्कं आठवत होतं. त्या गवार मोडत राहिल्या.

त्यानंतर मास्तरांनी व्हॉल्व्हना हात लावला नाही. यंत्र सुटं करून त्यांनी शाळेच्या कपाटात ठेवलं. काही काळाने ते तिथूनही कुठे गेलं कळलं नाही. त्यांची झोप उडाली. वर्गात स्पिरिटचा दिवा पेटवायचा असला तर ते मला बोलवायचे. शेवटी त्यांनी नोकरी सोडली आणि दोघे आसेगावला वहिनींच्या माहेरच्या शेतावर राहायला गेले.

लढाई संपल्यावर मी एकदा तिथे जाऊन आलो. मास्तर रापले होते, अंगाने भरले होते. करंट नव्हता तरी भ्यायला शेतात पुष्कळ होतं: साप, विहीर, आभाळातली वीज. वहिनी त्यांच्या नकला करत होत्या आणि ते मनापासून हसत होते. दुपारी जेवण झालं, वहिनींनी दोन भजनं म्हटली आणि मी निघालो. मास्तरांची भेट पुन्हा झाली नाही, म्हणून ते निघणं लक्षात आहे.

वाटेत नाला होता आणि त्याला पाणी होतं. मला सोडायला निघालेल्या बैलगाडीच्या पुढे मास्तर चालत आले. धोतर खोचून ते आधी एकटे पाण्यात उतरले, काठीने तळ चाचपत पलीकडे जाऊन परत आले आणि गाडीवानाला कुठून जायचं ते दाखवलं. गाडी उतरली. मध्यावर डावं चाक दबलं, गाडी कलली, मी गाडीवानाच्या मागचा दांडा घट्ट धरला. बैलांनी मान घातली आणि गाडी समोरच्या काठावर चढली.

निरोपाचा हात करायला मी मागे वळलो. मला वाटलं होतं मास्तर मागच्या काठावर असतील. ते नाल्याच्या मध्यभागी होते, मांडीभर पाण्यात. गाडीच्या मागोमाग आले होते, मला कळलंही नव्हतं. तोंड पांढरं पडलं होतं आणि एक हात चाकाच्या दिशेने पुढे धरलेला होता. मी हात हलवला. त्यांनी पाहिलं नाही. त्यांचं लक्ष चाकाकडे होतं. ते कोरड्या मातीवर पुरतं चढलं की नाही, हे ते बघत होते.